पेचकस सगळ्यात शेवटी: सायकलचा डिरेलर घरच्या घरी जुळवताना

गिअर बदलला की खडखड. एक खटका दाबला तर काहीच होत नाही, दुसरा दाबला तर चेन मागच्या चाकाच्या दोन दातेरी चकत्या ओलांडून पलीकडे. असं सुरू झालं की बहुतेक जण पेचकस उचलतात आणि डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रावर, दिसतील ते स्क्रू फिरवून बघतात. मीही तेच केलं होतं. अख्खी संध्याकाळ एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू आलटून पालटून फिरवले. मधले गिअर जरा बरे झाल्यासारखे वाटले की टोकाचे बिघडायचे, टोकाचे जुळवले की मधले. रात्री उशिरा सायकलीच्या मागे उकिडवा बसलो तेव्हा दिसलं, की डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी, म्हणजे हँगर, आत वाकली आहे. स्क्रूंचा काही दोषच नव्हता. आता मात्र तेही बिघडवून ठेवले होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी चाक, मग हँगर, मग चेन, मग केबल आणि पेचकस सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त वेळा पेचकसापर्यंत जायची पाळीच येत नाही. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

डिरेलर करतो तरी काय

मागचा डिरेलर साधं यंत्र आहे. समांतरभुज चौकोनासारखी सांध्यांची चौकट, तिच्यात एक स्प्रिंग आणि खाली चेन धरणाऱ्या दोन दातेरी चाक्या. स्प्रिंग त्याला सतत बाहेर, सगळ्यात छोट्या चकतीकडे ढकलते. केबल त्याला आत, मोठ्या चकतीकडे ओढते. शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीच्या, प्रत्येक खटक्याला केबल ठरावीक अंतर ओढली जाते किंवा सोडली जाते, आणि तेवढाच डिरेलर सरकतो.

एवढं डोक्यात बसलं की निम्मं निदान झालंच. चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करत असेल तर केबल सैल आहे. छोट्या चकतीवर उतरायला कां-कूं करत असेल तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा आवरणात कुठेतरी अडकते आहे. आणि दोन्हीकडे रडगाणं असेल, आज एक तक्रार आणि उद्या दुसरी, तर ताणाच्या मागे लागूच नका; केबल घासते आहे किंवा हँगर वाकला आहे. (शिमानो या जपानी कंपनीने काही काळ रॅपिड राइज नावाचे डिरेलर बनवले होते, त्यांची स्प्रिंग उलट काम करते. तुमच्याकडे तसला जुना नग असेल तर हा परिच्छेद उलटा वाचा.)

आता ते बदनाम स्क्रू. एच हा बाहेरच्या टोकाचं कुंपण: चेन सगळ्यात छोट्या चकतीच्या पलीकडे, फ्रेमच्या बाजूला पडू नये म्हणून. एल हा आतल्या टोकाचं कुंपण: चेन सगळ्यात मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून. स्क्रू आत घट्ट केला की कुंपण जवळ येतं, सैल केला की लांब जातं. मधल्या गिअरांशी या दोघांचा काडीचा संबंध नाही. मधले गिअर ठरतात ते केबलच्या ताणावर. हे ज्याला उमगलं त्याची माझ्यासारखी एक संध्याकाळ वाचली.

हे सगळं एवढं नाजूक का, त्यालाही कारण आहे. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस या आपल्या शर्यतीच्या सायकलींच्या भागांच्या मालिकेवर एसआयएस ही खटक्यांची पद्धत आणली आणि खटक्यांचे गिअर रुळले. त्याआधीच्या बहुतेक सायकलींवर गिअरची दांडी मोकळी फिरायची. चालवणारा कानाने ऐकून ती केसभर पुढे-मागे करायचा आणि खडखड थांबली की सोडून द्यायचा. जुळवणी चालवणाऱ्याच्या हातात होती. खटके आले तसं ते काम यंत्राकडे गेलं, आणि पुढे चकत्या वाढत गेल्या तशी चुकीला जागा उरली नाही. ७ स्पीडमध्ये, म्हणजे मागे ७ चकत्या असताना, दोन चकत्यांच्या मध्यांत ५ मिलिमीटर अंतर असतं, ९ स्पीडमध्ये ४.३ च्या आसपास, १० स्पीडमध्ये ३.९५. शिमानोच्या रस्त्याच्या सायकलींच्या ८ आणि ९ स्पीड रचनेत केबल १ मिलिमीटर सरकली की डिरेलर सुमारे १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणजे केबल अर्धा मिलिमीटर जरी सैल पडली तरी ९ स्पीडवर चेन दोन चकत्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाने चुकते. तुमच्या दहा वर्षांच्या जुन्या ७ स्पीड सायकलीने जे मुकाट्याने सोसलं, ते नवी १० स्पीड सायकल सोसणार नाही.

हाताशी काय हवं

५, ४, ३ आणि २ मिलिमीटरच्या ॲलन की, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा फुली-पेचकस, पक्कड, चिंध्या, चेनचं तेल, ग्रीस काढायचं द्रावण आणि एक फूटपट्टी. केबल बदलायची असेल तर केबल कापायची खास कात्री लागते. तिथे साध्या पकडीने भागवू नका, केबलची टोकं पिंजतात आणि मग ती कशातही ओवली जात नाही. पेचकस स्क्रूच्या डोक्यात हलत असेल तर दुसरा आणा. या स्क्रूंची डोकी मऊ असतात, एकदा खाच गुळगुळीत झाली की संपलं.

मागचं चाक अधांतरी फिरेल अशी सोय हवी. स्टँड असेल तर उत्तमच. नसेल तर सीटच्या पुढच्या टोकात दोरी अडकवून सायकल वरून टांगा. उलटी करून हँडल-सीटवरही उभी करता येते, पण शिफ्टर आणि केबली खाली दबतात, डावं-उजवं डोक्यात उलटं होतं, आणि हायड्रॉलिक ब्रेक असतील तर नळीत हवा जाण्याचा धोका असतो. मी टाळतो.

चाक आणि हँगर

सगळ्यात आधी चाक. क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारी कळ, सोडा, सायकल जमिनीवर उभी करून तिच्या वजनाने एक्सल, म्हणजे चाकाचा आस, खाचांत पूर्ण खाली बसू द्या आणि पुन्हा आवळा. पंक्चर काढल्यानंतर गिअर बिघडले असतील तर दहातल्या पुष्कळ वेळा एवढंच असतं: चाक तिरकं बसलेलं. मग कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, हाताने डावी-उजवी हलवून बघा. सगळ्या चकत्या मिळून खुळखुळत असतील तर लॉकरिंग, म्हणजे कॅसेट घट्ट धरणारी कडी, सैल आहे, ती आवळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता हँगर. मधल्या एखाद्या चकतीवर चेन ठेवा, सायकलीच्या बरोबर मागे जा, डोळे कॅसेटच्या पातळीवर आणा. डिरेलरच्या वरच्या आणि खालच्या चाकीला जोडणारी रेष चकत्यांच्या पातळीला समांतर दिसली पाहिजे. खालची चाकी स्पोककडे झुकलेली दिसली तर हँगर आत वाकला आहे. असं बहुतेकदा सायकल उजव्या अंगावर पडल्याने होतं. कधी कधी गाडीत इतर सामानाखाली दबूनही होतं आणि कळतही नाही.

ॲल्युमिनियमचा हँगर मुद्दाम मऊ ठेवतात. आपटल्यावर तो वाकावा, तुटावा, पण फ्रेम आणि डिरेलर वाचावेत, हा हेतू. तो सरळ करायचं खास हत्यार असतं: एक लांब दांडी, जिचं एक टोक हँगरच्या आट्यांत बसतं आणि दुसरं रिमजवळ फिरतं. रिमवरचा एकच बिंदू, म्हणजे व्हॉल्व्ह, दांडीबरोबर फिरवत नेऊन घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी अंतर मोजायचं आणि सगळीकडे सारखं येईपर्यंत हलक्या हाताने वाकवायचं. ते हत्यार नसेल तर घरात एक युक्ती चालते. हँगरचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले, असतात आणि साध्या नटाच्या पुष्कळ मागच्या एक्सलचेही तेच. डिरेलर काढून अशा चाकाचा एक्सल हँगरमध्ये फिरवून बसवला की दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. ती समांतर आहेत का हे डोळ्यांना लगेच कळतं. डिरेलर तसाच ठेवून, त्यालाच धरून हँगर ओढणं मात्र नको. त्याचे सांधे त्यासाठी नाहीत. आणि हँगर एकदा-दोनदा सरळ केलेला असेल, आट्यांजवळ चीर दिसत असेल, तर सरळ नवा बसवा. विकत घेताना जुना सोबत न्या, कारण त्याचे आकार शेकड्याने आहेत.

चेन

घाणेरड्या चेनवर जुळवणी करू नका, ती उद्या टिकणार नाही. चेन, कॅसेट आणि डिरेलरच्या चाक्या पुसून घ्या. चाक्यांवर चिकटलेला काळा थर ॲलन कीच्या टोकाने खरवडला की लांबच लांब पट्टी निघते, हे काम मला का कोण जाणे फार आवडतं. वरची चाकी बाजूला किंचित हलते असं दिसलं तर घाबरू नका. शिमानोच्या अनेक डिरेलरांत ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, चेनने स्वतःच मध्य शोधावा म्हणून. खालची चाकी हलत असेल, किंवा दाते शार्कसारखे टोकदार झाले असतील, तर मात्र ती झिजली आहे. चाक्या काढल्याच तर कोणती वर, कोणती खाली आणि बाणाची दिशा काय, याचा आधी फोटो काढा.

चेनची झीज फूटपट्टीने मोजता येते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ पिना पुढे मोजा. नव्या चेनवर बरोबर १२ इंच येतं. पिन १२ इंचांच्या रेषेपुढे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर झीज साधारण अर्धा टक्का: चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग गेली असेल तर तिने बहुधा कॅसेटही खाल्ली आहे, आणि नुसती नवी चेन टाकली तर ती जोर लावल्यावर दातांवरून सटकेल.

केबल, म्हणजे खरा गुन्हेगार

"केबल ताणली जाते म्हणून गिअर बिघडतात" असं सगळे म्हणतात. पोलादी तार फारशी ताणली जात नाही. नव्या केबलीत आवरणाची टोकं टोपणांत आणि टोपणं फ्रेमच्या खाचांत घट्ट बसत जातात, तेवढी ढील पडते. जुन्या केबलीत आवरणाच्या आत पाणी, धूळ आणि गंज साचतो आणि तार अडखळते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे डिरेलरपाशी येणारा शेवटचा अर्धगोल तुकडा. चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथे येतो.

तपासायची ही पद्धत पेचकसाशिवाय होते आणि फुकट आहे. पायडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. आता पायडल थांबवा आणि ते न फिरवता शिफ्टरचे सगळे खटके सोडून द्या. चेन जागीच राहते, केबल मात्र एकदम ढिली पडते. फ्रेमवरचे केबलचे थांबे खाचेचे असतील तर त्यातून आवरणाचे तुकडे अलगद बाहेर काढता येतात. आवरण केबलवर पुढे-मागे सरकवा. लोण्यासारखं सरकलं तर ठीक. खरखर लागली, कुठे अडकलं, तर दोषी सापडला. उघडी पडलेली तार पुसा, हलक्या तेलाचे एक-दोन थेंब द्या, सरकवून बघा. जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. गंज दिसत असेल, किंवा तारेचा एखादा धागा तुटलेला असेल, तर वेळ घालवू नका, केबल आणि आवरण दोन्ही बदला. धागे बऱ्याचदा शिफ्टरच्या आत, केबलच्या मुंडीजवळ तुटतात, जिथे कोणी बघत नाही. गिअर रोज थोडा थोडा बिघडत असेल, रोज ताण वाढवावा लागत असेल, तर तिथे बघाच. मुंडी तुटून शिफ्टरमध्ये अडकली की ती बाहेर काढणं हा वेगळाच छळ आहे.

बदलताना तीन गोष्टी. गिअरचं आवरण आणि ब्रेकचं आवरण वेगळं असतं: गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात म्हणून ते दाबलं जात नाही, ब्रेकच्यात वेटोळं असतं. गिअरचं आवरण ब्रेकला चुकूनही लावू नका, जोराच्या दाबाखाली ते फुटू शकतं. दुसरं, कापल्यावर आवरणाचं टोक सपाट करा आणि आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली असते ती सुईने किंवा टोच्याने उघडा. हे न केल्यामुळे नवी केबलसुद्धा जुन्यासारखी वागते. तिसरं, लांबी जुन्या तुकड्याएवढीच ठेवा, जुना ओढाताण करत नसेल तर. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

आता पेचकस: मागच्या डिरेलरची जुळवणी

चाक सरळ, हँगर सरळ, चेन ठीक, केबल मोकळी. तरीही खडखड असेल, किंवा केबल नवी टाकली असेल, तर पुढचं सगळं करावं लागतं. हे एका दमात करा, मध्ये सोडू नका.

शिफ्टर सगळ्यात छोट्या चकतीच्या गिअरला आणा, पुढे मोठी चेनरिंग, म्हणजे पायडलजवळची दातेरी चकती, असेल तर चेन तिच्यावर घ्या, आणि डिरेलरवरचा केबलचा बोल्ट सोडून केबल मोकळी करा. आता डिरेलर फक्त स्प्रिंग आणि एच स्क्रू यांच्या ताब्यात आहे. मागून बघा: वरच्या चाकीचा मध्य सगळ्यात छोट्या चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली यायला हवा. चाकी बाहेर गेली असेल तर एच घट्ट करा, आत असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, मग पायडल फिरवून ऐका. आवाज नाही, चेन बाहेर पडत नाही, एवढं झालं की या स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही.

मग केबल बांधायची. बॅरल ॲडजस्टर, म्हणजे डिरेलरवर किंवा शिफ्टरवर केबल जिथे आत जाते तिथली फिरणारी नळी, पूर्ण आत घ्या आणि मग दोन फेरे बाहेर काढा, म्हणजे पुढे दोन्ही दिशांना वाव राहतो. केबल बोल्टखालच्या खाचेतच बसली पाहिजे. बोल्टच्या चुकीच्या बाजूने गेली तर ओढीचं प्रमाण बदलतं आणि तुम्ही रात्रभर बसलात तरी सगळे गिअर एका वेळी जुळणार नाहीत. केबल हाताने ताठ ओढा, पकडीने करकचून नाही, आणि बोल्ट आवळा. बऱ्याच डिरेलरांसाठी ५ ते ७ न्यूटन मीटर सांगितलेलं असतं. टॉर्क रेंच नसेल तर ॲलन की टोकाऐवजी मध्यावर धरा, म्हणजे हाताचा जोर आपोआप आवरतो. नवी केबल असेल तर आता फ्रेमवरून जाणारी उघडी तार मुठीत धरून दोन-तीनदा बाहेर ओढा. टोपणं जाग्यावर बसतील, केबल ढिली पडेल, बोल्ट सोडून पुन्हा ताठ करून बांधा. पुढच्या आठवड्यातली निम्मी कटकट इथेच संपते.

आता कानाचं काम. पायडल फिरवत शिफ्टरचा एकच खटका द्या. चेन दुसऱ्या चकतीवर लगेच चढली पाहिजे. चढली नाही किंवा आळसावली, तर बॅरल बाहेर काढा, म्हणजे स्वतः बॅरलच्या टोकाकडून, केबल त्यात शिरते त्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पाव फेरा, पुन्हा बघा. उलट चेन तिसऱ्या चकतीला घासत असेल, किंवा तिच्यावर उडी मारत असेल, तर बॅरल आत घ्या. दिशा लक्षात राहत नसेल तर सोपी खूण: बॅरल बाहेर म्हणजे ताण जास्त, ताण जास्त म्हणजे डिरेलर स्पोककडे.

मला जमलेली बारीक जुळवणी अशी: दुसऱ्या चकतीवर असताना ताण हळूहळू वाढवत न्या, तिसऱ्या चकतीला चेन घासल्याचा बारीक आवाज येईपर्यंत. मग आवाज थांबेल एवढंच परत आत या. आता एकेक खटका देत वर जा आणि एकेक देत खाली या. खाली येणं जास्त नीट बघा. वर जाताना तुमचा अंगठा केबल ओढतो, त्यामुळे थोडी खोट झाकली जाते. खाली येताना बिचाऱ्या स्प्रिंगला एकटीनेच काम करावं लागतं. वर छान आणि खाली आळशी, तेही ताण कमी करूनसुद्धा, तर वरच्या केबलच्या भागात परत जा. तिथे काहीतरी राहिलं आहे.

एल स्क्रू, आणि हा काळजीने. तो फार सैल असेल तर चेन मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये जाते. चढावर जोर लावताना हे झालं तर चाक, डिरेलर आणि कधी कधी तुम्हीही मोडता. म्हणून मोठ्या चकतीवर पहिल्यांदा जाताना हाताने पायडल हळू फिरवा. चेन तिथे गेली की डिरेलर बोटाने स्पोककडे ढकला. तो जवळपास हललाच नाही पाहिजे, आणि वरची चाकी मोठ्या चकतीच्या बरोबर खाली असली पाहिजे. पलीकडे जात असेल तर एल घट्ट करा. चेन चढायलाच तयार नसेल तर एल पाव फेरा सैल करा, पण आधी खात्री करा की अडचण केबल सैल असल्याची नाही. ओळखायचं कसं? शिफ्टर दाबून धरा आणि बघा: डिरेलर स्क्रूला टेकून थांबला असेल तर एल घट्ट आहे, टेकण्याआधीच थांबला असेल तर केबल.

राहिला बी-स्क्रू, हँगरला टेकणारा. तो वरची चाकी आणि चकत्या यांच्यातलं अंतर ठरवतो. पुढे सगळ्यात छोटी चेनरिंग, मागे सगळ्यात मोठी चकती, आणि पायडल किंचित मागे फिरवा. चाकी चकतीला टेकून गडगडत असेल तर स्क्रू घट्ट करा. ती लांब लटकत असेल तर सैल करा, कारण लांबच्या चाकीचा गिअर बदलायला ढिम्म असतो. साधारण कॅसेटला ५ ते ६ मिलिमीटर अंतर चालतं. ५० दात्यांच्या वगैरे प्रचंड कॅसेटला हे माप फार महत्त्वाचं होतं आणि निर्मात्याचीच मापपट्टी वापरावी लागते. बी-स्क्रू बराच फिरवला असेल तर केबलचा ताण पुन्हा एकदा तपासा.

पुढचा डिरेलर

पुढे एकच चेनरिंग असेल तर तुम्ही सुटलात, हा भाग सोडून द्या. दोन किंवा तीन असतील तर एक सांगतो: पुढच्या डिरेलरच्या बहुतेक तक्रारी त्याच्या जागेच्या असतात, स्क्रूच्या नसतात. चेन ज्यातून जाते त्या त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी वरून बघताना चेनरिंगला समांतर हवी, आणि मोठ्या चेनरिंगच्या वरून जाताना तिची खालची कड दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर हवी. मी एक जाडसर नाणं मध्ये धरून बघतो. जागा चुकली असेल तर केबल सोडा, पट्ट्याचा बोल्ट ढिला करा, जागा नीट करा, आवळा. आवळताना पिंजरा हमखास फिरतो, म्हणून परत बघा.

जागा ठरल्यावर केबल सुटीच असताना: पुढे सगळ्यात छोटी, मागे सगळ्यात मोठी चकती. एल स्क्रूने पिंजऱ्याची आतली पट्टी चेनच्या इतकी जवळ आणा की मधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहील, पण घासणार नाही. मग केबल ताठ करून बांधा. मग पुढे मोठी, मागे छोटी, आणि एच स्क्रूने बाहेरची पट्टी तशीच चेनजवळ. चेन आत, फ्रेमकडे पडत असेल तर एल किंचित घट्ट; बाहेर पायडलकडे पडत असेल तर एच. मोठीवर चढत नसेल तर आधी ताण वाढवा, एच नंतर. काही नव्या डिरेलरांत ताणासाठीही स्वतंत्र स्क्रू असतो, तिथे निर्मात्याचं पत्रक उघडून ठेवा. आणि पुढे मोठी, मागेही मोठी अशा तिरक्या चेनवर थोडी घासाघीस होणारच. ती घालवायच्या नादात बाकीचे गिअर बिघडवू नका.

रस्त्यावर, आणि त्यानंतर

टांगलेल्या सायकलीवर सगळं छान चालतं. अंगाचं वजन आणि पायाचा जोर आला की फ्रेम किंचित वाकते, चेन ताणते आणि लपलेल्या खोटी बाहेर येतात. म्हणून सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकेक गिअर बदलून बघा, मग थोड्या चढावर. बारीक फरक बॅरलने उभ्या उभ्या पाव फेऱ्यात निघतो; खाली उतरून पेचकस काढायची वेळ येऊ नये. नवी केबल टाकली असेल तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर ती एकदा ढिली पडणारच, तेव्हाही फक्त बॅरल.

पावसातून आलात की चेन पुसून तेल द्या, डिरेलरच्या सांध्यांवर एकेक थेंब सोडा आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. जोराच्या पाण्याचा फवारा चाक्यांवर आणि सांध्यांवर मारू नका. क्लचवाला डिरेलर, म्हणजे चेन उडू नये म्हणून चाक्यांची चौकट घट्ट धरणारा, असेल तर चाक काढताना त्याची कळ बंद करा, आणि चाक परत बसवल्यावर सुरू करायला विसरू नका, मी विसरतो.

सायकल कुठे आडवी ठेवायची झाली तर डाव्या अंगावर ठेवा, गाडीत घालतानाही. डिरेलर वर राहिला पाहिजे.